हलक्या रायफलीला गोळी कोणती? (७ एमएम-०८, विस्कॉन्सिन, हरीण)

म्हाद्या मॅडिसनकर (जुलै)

नमस्कार मंडळी. शिकारीचा धागा आहे. ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

मी मॅडिसनच्या पश्चिमेला, ड्रिफ्टलेस भागात राहतो. हिमनद्या इथवर पोचल्याच नाहीत, त्यामुळे बाकी विस्कॉन्सिनसारखं सपाट नाही. चढ, उतार, घळी, परत चढ. बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. आजवर शेजाऱ्याची .३०-०६ नेत होतो. दुर्बिणीसकट साडेनऊ पौंडांचं धूड आहे ते, दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो. या वर्षी स्वतःची हलकी रायफल घेतली. ७ एमएम-०८, २२ इंची बारीक नळी, प्लास्टिकचा दस्ता, दुर्बीण आणि पट्टा धरून सात पौंड. नळीचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) साडेनऊ इंचाला एक फेरा.

ओकच्या जंगलात बार पडतो ४० ते ८० यार्डांवर. कापलेल्या मक्याच्या कडेला बसलो तर फार तर २००. व्हाइटटेल हरीण, दुसरं काही नाही.

.२२३ ची काडतुसं घरी भरतो, त्यामुळे प्रेस, वजनकाटा, कॅलिपर सगळं आहे. प्रश्न असे:

१२० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) तांब्याची गोळी घेऊ, १४० ची शिशाची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), की थेट १५०? घरात दोन लहान मुलं आहेत आणि मांस आम्हीच खातो, त्यामुळे बायकोचा कल तांब्याकडे आहे. दुसरं, विकतच्या काडतुसांवर पहिल्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात, तिसरी-चौथी वर उजवीकडे भटकते. रायफल खराब आहे का?

संपादक

नेहमीची सूचना. दारू किती ग्रेन भरायची याचे आकडे या धाग्यावर कोणीही लिहू नयेत. ते पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यावेत. कुणाच्या मित्राच्या वहीतला आकडा दिसला तर प्रतिसाद उडेल.

तात्या टूसेव्हन्टी

म्हादबा, अभिनंदन. आता ऐका. तुम्ही प्रश्न उलटा विचारलात. गोळी कोणती हे नंतर. आधी हे सांगा, की सात पौंडांची रायफल तुम्ही डोळे न मिटता उडवता का?

हिशोब सोपा आहे. गोळी तीच, दारू तीच, तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात जाते. आठ पौंडांची रायफल साडेसहाची केली की धक्का सुमारे २३ टक्क्यांनी वाढला. तुमच्या रायफलीत १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फुटांनी सोडली तर खांद्यावर साधारण १६ फूट-पौंड येतील. शेजाऱ्याच्या त्या धुडातून १८० ग्रेनची सोडली तर १८ च्या आसपास. म्हणजे काडतूस लहान घेतलंत, पण वजन कमी करून बहुतेक सगळा फायदा परत देऊन टाकलात! हलक्या रायफलीच्या जाहिरातीत ही ओळ कधी छापत नाहीत.

हरीण हे काही गेंडा नव्हे. ७ एमएम-०८ हे .३०८ चं केस (काडतुसाचं पितळी कवच) मानेत आवळून केलेलं काडतूस, रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणलं. तेव्हापासून १३९ ते १४५ ग्रेनच्या साध्या शिसं-तांबं गोळीने किती हरणं पडली असतील याची गणती नाही. हॉर्नाडीची इंटरलॉक, सिएराची गेमकिंग, स्पीअरची हॉट-कोर, यातली कुठलीही स्वस्त पेटी उचला. वेग २६०० वर आणा, धक्का १४ च्या आत येतो आणि मांसही कमी नासतं. तांब्याच्या गोळ्यांचे भाव बघितलेत का? तेवढ्या पैशात दुप्पट सराव होतो. मी पेनसिल्व्हेनियात .२७० घेऊन हिंडतो, आणि १९२५ चं ते काडतूस अजून कुणाच्या बापाला ऐकत नाही.

तिसऱ्या गोळीचं म्हणाल तर बारीक नळी तापते आणि सरकते. रायफल खराब नाही. तिला थांबायला वेळ द्या.

धातुशास्त्री

तात्यांचा धक्क्याचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्षावर मात्र मी भांडणार.

साधी शिसं-तांबं गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ सालीत शिशाचा गाभा. आदळल्यावर पुढचं तोंड फुलतं आणि फुलताना गोळी झिजते. वेग मध्यम असेल तर मस्त काम करते. अडचण जवळून होते. तुमच्या जंगलात ४० यार्डांवर गोळीचा वेग जवळजवळ तोच असतो जो नळीतून सुटताना होता. त्यात खांद्याचं हाड मध्ये आलं की साल एकीकडे, गाभा दुसरीकडे.

हे दुखणं जुनं आहे. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसवर गोळ्या झाडत होता. चिखलाने माखलेल्या चामड्यावर त्या फुटल्या, आत गेल्याच नाहीत. त्यावरून त्याने मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी केली, तीच पार्टिशन. पुढचा भाग फुलून झिजला तरी भिंतीमागचा अर्धा तसाच पुढे घुसतो. १९४८ पासून विकतात, अजून चालते. पुढे गाभा सालीला चिकटवलेल्या, म्हणजे बाँडेड गोळ्या आल्या. १९८९ मध्ये बार्न्सने शिसं पूर्णच काढून अख्ख्या तांब्याची एक्स बुलेट आणली. आजची टीटीएसएक्स तिचीच नात.

तांब्याची गोळी फुलते ती चार-सहा पाकळ्यांत, आणि वजन जवळजवळ सगळं राखते. म्हणून १२० ग्रेनचं तांबं आत जाण्यात १४० ग्रेनच्या साध्या गोळीला मागे पडत नाही. ऊर्जेतही फरक नाही. ३००० फुटांवर १२० ग्रेन म्हणजे सुमारे २४०० फूट-पौंड, २८०० वर १४० म्हणजे २४४०. पण खांद्यावर येतात पावणेपंधरा, सोळाऐवजी. हलक्या रायफलीत मला हाच सौदा पटतो: जड गोळी हळू सोडण्यापेक्षा हलकी पण न फुटणारी गोळी नेहमीच्या वेगाने.

आता तांब्याच्या अटी. पहिली, तिला वेग लागतो. फार हळू आदळली तर पाकळ्या उघडत नाहीत, सुईसारखी आरपार जाते. त्यामुळे तात्यांचा 'वेग कमी करा' हा सल्ला शिशाच्या मऊ गोळीला लागू आहे, तांब्याला लावू नका. दुसरी, तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर फिरवायला जास्त पीळ लागतो, आणि नोव्हेंबरात हवा थंड म्हणजे दाट, तिथे स्थिरता आणखी घटते. साडेनऊच्या पिळाला १२० निर्धास्त, १४० ठीक. १५० चं तांबं मी तुमच्या रायफलीत घालणार नाही. ती केसमध्ये एवढी खोल बसते की दारूची जागा खाते.

आणि म्हणूनच, हे ठळक अक्षरांत समजा: १४० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा भरणा १४० ग्रेनच्या तांब्याला चालत नाही. वजन सारखं असलं तरी दाब वेगळा येतो. त्या गोळीच्या नावाचाच तक्ता उघडा, खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. या काडतुसाला दाबाची मर्यादा ६१,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, आणि घरी दाब मोजायचं यंत्र कुणाकडेच नसतं. बोल्ट जड उघडला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खटक्याचा) चकचकीत ठसा दिसला, तर तोवर तुम्ही पुढे गेलेले असता. नुसता प्रायमर (केसच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) चपटा झालाय का यावर विसंबू नका, तो कधी खरं बोलतो कधी खोटं. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) घ्या. पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा तुमचा वेग जास्त दिसला तर दाबही जास्तच आहे, फुकट काही मिळत नाही.

तात्या टूसेव्हन्टी

शास्त्रीबुवा, पार्टिशनचं नाव काढलंत म्हणून अर्धा राग गेला. पण ४० यार्डांवर खांद्याच्या हाडात मारायला सांगितलंय कुणी? खांद्यामागे, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथे बरगड्या सोडून काय आहे? फुप्फुस.

खिमापाव

तात्या, हरीण तुमच्या रेषेत उभं राहत नाही ना नेहमी.

मी मिनेसोटातून. नवरा मारतो, कापते मी, त्यामुळे गोळीचं प्रगतिपुस्तक माझ्या हातात येतं. शिशाच्या वेगवान गोळीने जवळून मारलेलं हरीण सोललं की खांद्याखाली वीतभर काळंनिळं रक्ताळलेलं मांस निघतं. ते सगळं टाकायचं. त्याच्याही पलीकडे शिशाचे कण गेलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि दातांनाही लागत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टरांनी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं तपासली, शिसं निघालं, आणि राज्याने अन्नछत्रांना तो खिमा टाकून द्यायला सांगितलं. खिम्यातच जास्त का? कारण जखमेच्या आसपासचे तुकडे आपण खिम्यात ढकलतो.

लहान मुलांना शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच. आमच्याकडे मुलगी झाली त्या वर्षापासून तांबं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथे कारण काँडोर गिधाडं. ती जनावरांचे अवशेष खातात, सोबत शिसं पोटात.

तुम्ही शिशाची वापरलीच तर एवढं करा: जखमेपासून चांगलं हातभर सोडून कापा, रक्ताळलेला एकही तुकडा यंत्रात घालू नका. खाटकाकडे देत असाल तर 'माझ्याच हरणाचं मांस परत द्या' हे आधी ठरवून घ्या. नाहीतर शेजाऱ्याच्या गोळीचं शिसं तुमच्या कबाबात.

आणि म्हाद्या, शिसं गोळीपुरतंच नाही. उडवलेली केसेस धुताना-घासताना जी धूळ उडते तिच्यात प्रायमरचं शिसं असतं. ते काम स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ चालत असेल तर आजच बंद कर.

उपवासाचा बटाटा

गोळी तांब्याची की शिशाची यावर निबंध! हरणाला कुणी विचारलं का?

संपादक

प्रश्न रास्त आहे, जागा चुकली. 'शिकार: हवी की नको' हा धागा वेगळा आहे, पानं भरपूर झाली आहेत तिथे. जाता जाता एवढंच, अमेरिकेत रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो. पुढचं तिकडे.

कुडाळचो झील

वाचतंय सगळा. आमच्याकडे आज्याची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. डुकर भातात शिरले की आवाज करूक. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. बापूस म्हणायचो, बंदूक आमची कमी नि ठाण्याची जास्त. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाचा नाव पण काढूचा नाय. तुमचा चलू दे.

नवाकोरा

टेक्सासमध्ये आहे, एच-१बी वर. ऑफिसातले लोक हंगामात घेऊन जातो म्हणतात. मी रायफल हातात धरू शकतो का?

धातुशास्त्री

हा मुद्दा नीट वाच. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एफ-१, एच-४ सगळे त्यात आले. मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. परवाना संपला की अपवादही संपला. बायको एच-४ वर असेल तर तिला तिचा वेगळा परवाना. 'मित्राचीच आहे, मी फक्त धरली' हे चालत नाही, बाळगणं म्हणजे बाळगणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स कर, परवाना काढ, वकिलाला एकदा विचार, मग ऑफिसातल्यांबरोबर जा.

तात्या टूसेव्हन्टी (ऑगस्ट)

विषयावर येऊ. म्हादबा, ती भटकणारी तिसरी गोळी. दस्त्याचे स्क्रू आवळलेले आहेत ना? डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवून बघा. अडकली तर नळी दस्त्याला टेकतेय, तिथे घासा. आणि हलक्या रायफलीचा पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर नुसता ठेवू नका, हाताने धरा. जड रायफल मोकळी सोडली तरी सरळ मागे येते, हलकी उडी मारते. जंगलात तुम्ही ती धरूनच मारणार आहात, मग बेंचवरही धरा.

दुसरं म्हणजे पाच गोळ्यांचे झुबके बघण्याचा नाद सोडा. हरणाला पहिली गोळी लागते, तीही गार नळीतून. एकच कागद ठेवा. दर वेळी रेंजवर गेलात की त्यावर गार नळीची पहिली गोळी मारायची आणि कागद घडी करून खिशात. महिन्या-दोन महिन्यांनी त्या कागदावर जे दिसेल तो तुमचा खरा नेम. हरणाच्या छातीचा मारा बसायचा भाग साधारण आठ इंची. दीड इंचात गोळ्या बसवणारी रायफल त्याला भरपूर झाली. अर्धा इंच हवा म्हणून लोक नळ्या झिजवतात.

म्हाद्या मॅडिसनकर (सप्टेंबर)

सगळ्यांचे आभार. तात्या, नोट अडकली. टोकापासून बोटभर आत उजव्या बाजूला दस्ता टेकत होता. सँडपेपरने काम झालं. तिसरी गोळी आता घरात येते.

ठरवलंय १२० ची टीटीएसएक्स. पावडरचं विचारायचं होतं. भरणा उन्हाळ्यातल्या ३० अंशांत ठरवतोय, बार पडणार उणे दहात. फरक किती पडेल?

धातुशास्त्री

काही पावडरींत बऱ्यापैकी पडतो, विशेषतः गोल दाण्यांच्या बॉल पावडरींत. हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका, म्हणजे व्हारगेट, एच४३५०, एच४८९५, तापमानाला कमी बधते. या काडतुसाच्या तक्त्यांत तिन्ही सापडतात. १२० ला व्हारगेटपासून सुरुवात कर. भरलेली काडतुसं उन्हात गाडीत ठेवायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

मुलांना पुढे शिकवायचं असेल तर एच४८९५ लक्षात ठेव, हॉजडन स्वतः तिच्यासाठी कमी धक्क्याचे यूथ लोड छापते. पण 'कमी म्हणजे सुरक्षित' असा नियम नाही. सावकाश जळणारी पावडर पुस्तकातल्या किमान आकड्याच्या खाली नेणं धोक्याचं असतं.

भरताना या गोळीचं एक लक्षात ठेव. पिळाच्या धारांना तिला टेकवू नको, निदान ०.०५० इंच मागे ठेव, तिला ती उडी आवडते. शिवाय शॉर्ट ॲक्शनच्या (आखूड बोल्टच्या रायफलीच्या) मॅगझिनमध्ये एकूण लांबी २.८० च्या आसपासच मावते. केस २.०३५ च्या पुढे वाढली की २.०२५ ला छाट. केसचा खांदा दोन हजारांश इंचच मागे ढकल, जास्त नको. आणि हंगामासाठी वेगळी काढलेली सगळी काडतुसं चेंबरमध्ये एकदा बसवून बघ. बोल्टमधली फायरिंग पिन काढून. बर्फात बोल्ट मिटत नाही हे तिथे कळून उपयोग नाही.

खिमापाव

शास्त्री, तुम्ही लग्नाच्या याद्या पण अशाच करता का? :)

म्हाद्या मॅडिसनकर (डिसेंबर)

वृत्तांत द्यायचा राहिला होता.

भरणा तक्त्यातल्या कमालीच्या बराच खाली थांबवला, क्रोनोग्राफवर २९४० च्या आसपास. तीन गोळ्या सव्वा इंचात. तात्यांचा गार नळीचा कागद भिंतीवर लावलाय, त्यावरची सगळी भोकं तळहाताखाली झाकतात.

शनिवारी रिकामा आलो. रविवारी सकाळी घळीच्या पलीकडच्या उतारावर माद्या खाली उतरल्या. शेवटची थांबली, आडवी, थोडी माझ्याकडे वळलेली. सत्तरेक यार्ड. गुडघ्यावर कोपर टेकवून मारली. धक्का आठवत नाही, ती पाठीत वाकली ते दुर्बिणीतून दिसलं. म्हणजे डोळे उघडे होते, तात्या! उतारावरून धावत गेली आणि पडलेल्या ओकापाशी कोसळली, चाळीस-पन्नास पावलं. गोळी खांद्याच्या मागच्या कडेतून शिरली, पलीकडच्या बरगड्यांतून बाहेर. बाहेरचं भोक रुपयाच्या नाण्याएवढं, मागावर दोन्ही बाजूंना रक्त. सोलल्यावर रक्ताळलेलं मांस मूठभर निघालं, बस. गोळी काही सापडली नाही, ती टेकडीत गेली.

डोकं तपासणीच्या पेटीत टाकलं. आमच्या भागात २००२ पासून सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा मेंदूचा रोग) आहे, राज्य फुकट तपासून देतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये बंद ठेवलं होतं. परवा 'आढळला नाही' असं आलं.

तात्या टूसेव्हन्टी

छान. १४० च्या सॉफ्ट पॉइंटनेही पडलीच असती, हे नोंदवून ठेवतो.

खिमापाव

पडली असती हो तात्या. खांदा कुणी खाल्ला असता?

म्हाद्या, मागच्या मांडीचा खिमा करताना थोडी बकऱ्याची चरबी घाल, हरणाचं मांस नुसतं कोरडं पडतं.

नवाकोरा

परवाना काढला, एक हंगाम मित्रांबरोबर झाला, धन्यवाद शास्त्रीजी. जानेवारीत पुण्याला जातोय. पहिल्या हरणाचं रिकामं केस बाबांना दाखवायला नेऊ का? रिकामंच आहे.

धातुशास्त्री

नको. फोटो ने. मुंबईत उतरताना किंवा परतताना बॅगेत काडतूस निघालं की शस्त्र कायद्याखाली प्रकरण होतं, आणि रिकाम्या केसवरून एक्स-रेच्या माणसाशी वाद घालण्यात तुझी फ्लाइट जाईल. तेवढंच नाही, शिकारीला वापरलेली सॅक प्रवासाला नेणार असशील तर अस्तराच्या आत, बाजूच्या खिशांत, पावसाच्या कव्हरमध्ये बोटं घालून बघ. शक्यतो दुसरी सॅकच घे.